नाटे गावातला कमी आवाजाचा सिनेमा

‘ते लोक’ म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर नेमका कोणाचा चेहरा येतो?

हा प्रश्न छापलेल्या पत्रकांचा गठ्ठा आणि हिंदू-मुस्लिम सलोख्यासाठी काम करणाऱ्या आमच्या मंडळाचा प्रोजेक्टर घेऊन मी शुक्रवारी सकाळी रत्नागिरीहून नाटे गावाची एसटी पकडली. पेनड्राइव्हमध्ये एक हिंदी सिनेमा होता. स्वमग्न मुसलमान तरुण, त्याची हिंदू बायको आणि केवळ नावामुळे त्यांच्यावर उठलेले शेजारी, अशी त्याची गोष्ट. आमचं घर चळवळीतलं, मला अक्षरओळखही पत्रकांवरूनच झाली, त्यामुळे सिनेमाआधी करायचं भाषण तोंडपाठ होतं.

पावस गेलं, पूर्णगडची खाडी गेली, मग सडा (जांभ्या दगडाचं उघडं पठार) लागला. नाटे बंदरात होड्या उभ्या होत्या. शुक्रवारी मुस्लिम वाडीतल्या होड्या समुद्रात जात नाहीत, म्हणूनच हा दिवस ठरवला होता.

उतरले त्याच वाडीतल्या, मंडळाच्या ओळखीच्या जुबेदाचाचींकडे. त्यांनी सांदणं (तांदळाच्या वाफवलेल्या गोड वड्या) वाढली. त्यांचा सत्तावीस वर्षांचा मुलगा युसूफही स्वमग्न. माझ्याकडे न बघता तो सांदणाचे सारखे चौकोन करून खात होता.

“येणार ना हा?” मी विचारलं.

“लग्नात नाय, उरुसात नाय, गावाबरोबर कुठंच बसला नाय तो,” चाची म्हणाल्या. “आवाज मोठा झाला की ओरडतो. मग सगळे माझ्याकडं बघतात. आज नेऊन बघते.”

दुपारी गावातलं सभागृह भरलं. डावीकडे हिंदू, उजवीकडे मुसलमान. मधली वाट कोणी आखली नव्हती, पण चांगली रुंद होती. मी स्पीकरचा आवाज पूर्ण वाढवून भाषण सुरू केलं आणि माइक किंचाळला. युसूफ कानांवर हात दाबून ओरडत दाराकडे धावला. चाची त्याच्यामागे.

“या लोकांचं सगळं आरडाओरड्याचंच,” मागून गण्या नावाचा तरुण बोलला.

माझ्या तोंडात जळजळीत उत्तर तयार होतं. तेवढ्यात हिंदू मच्छीमारांच्या खारवी वाडीतले दामूतात्या उठले. ते आणि युसूफ रोज बंदरावर जाळी शिवतात.

“ताई, आधी तो भोंगा बंद कर. माझाही कान गेला तुझ्या भाषणानं.” लोक हसले. “आणि गण्या, तुझं जाळं कोण शिवतं रे? माझे टाके सुटतात म्हणून तूच युसूफकडं देतोस ना?”



मोठं जाळं दोघं समोरासमोर बसून ताणून धरतात. हाताला ओढ लागली की समोर माणूस आहे हे कळतं, बोलावं लागत नाही. तात्यांनी बंदरावरून एक फाटकं जाळं आणवलं, पुढच्या सतरंजीवर बसले, एक कड स्वतः धरली आणि दुसरी, भोंगा बंद झाल्यावर दारातच थांबलेल्या युसूफच्या दिशेने धरली. तो थोडा वेळ जाळ्याकडे बघत राहिला. मग येऊन बसला.

मी सिनेमा इतक्या कमी आवाजात लावला की तिसऱ्या ओळीपलीकडे काही पोचेना.

“ऐकू येत नाय,” मागून तक्रार आली.

“मग पुढं सरका,” तात्या म्हणाले.

लोक सरकत गेले आणि मधली वाट बुजली. गण्याची आई चाचींच्या मांडीला मांडी लावून बसली. पडद्यावर शेजाऱ्यांनी त्या जोडप्याच्या दारावर दगड मारले तेव्हा ती पुटपुटली, “मेल्यांना आयाबहिणी नायत काय?” चाची पडद्याकडे नाही, युसूफकडेच बघत होत्या. सिनेमा संपेपर्यंत युसूफचं हातभर जाळं शिवून झालं होतं.

“बसला,” चाची म्हणाल्या. एवढंच.

एका दुपारीत गण्या बदलला असं मी म्हणणार नाही. मात्र प्रोजेक्टरची पेटी एसटीपर्यंत त्यानेच आणून दिली. परतताना पत्रकांचा गठ्ठा माझ्या मांडीवर होता. वाटायचा राहूनच गेला होता, आणि तरी माझ्या जिल्ह्याचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

आता काम तुमचं. गावात पुढच्या वेळी पूजेला, उरुसाला किंवा जयंतीला भोंगा बांधाल, तेव्हा आपल्या गावातला युसूफ कोण ते आधी विचारा. त्याच्या आईला निरोप धाडा, आवाज कमी करा आणि पुढच्या सतरंजीवर त्याची जागा राखून ठेवा.