लॉर्ना मावशीच्या शेवटच्या गोळ्या

दात भरण्याआधी पोकळीत सिमेंटचा पातळ थर देतात. विनिपेगच्या दंत महाविद्यालयात माझी लॉर्ना मावशी त्या सिमेंटच्या गोळ्या करून यंत्रात दाबून फोडते. जितका दाब सोसेल तितकी ताकद. पण त्याआधी गोळी रात्रभर उबदार कपाटात, पाण्यात राहायला हवी, आणि मावशीला धीर कुठला? ती मधेच काढून बघते, मग गोळी सुकते, तडकते. "पुन्हा कपाट उघडलंस तर बाटल्या धुवायला पाठवीन," असं तिचे साहेब ओलाफसन नाकातून म्हणाले होते.

काल रात्री जेवताना ती सारखी उठत होती. "पावडर संपलीय गं. कपाटातल्या या शेवटच्याच गोळ्या. नुसतं बघून येते."

"बस खाली," आई म्हणाली. "पळून जाणारेत का त्या?"

"तुला काय कळतंय त्यातलं?" म्हणत तिने कोट चढवला, कॉलेजची किल्ली उचलली.

मी स्वयंपाकघरातून नाकात बोललो, "लॉर्ना, कपाट बंद."

मावशी दारातच थिजली. मग चमचा घेऊन माझ्या मागे धावली, कॉलेजात मात्र गेली नाही.

आज गोळ्यांनी भरपूर दाब सोसला. हे सांगता सांगता ती ओव्हन उघडून अर्धकच्च्या टार्टमध्ये बोट खुपसत होती.