शेवटच्या घरापत्तोर

नळाला पाणी आलं होतं आणि मी अंगणात पोत्याखाली लपवलेली मोटर चालू करून घरात चहा पीत बसलो होतो. तेवढ्यात सिस्टरमावशी शेंगाचटणीची वाटी घेऊन आल्या. मोटर घरघरत होती. मावशींनी कान टवकारले, तसा मी घाईघाईने म्हणालो, "फ्रीज जुना झालाय."

फ्रीज त्यांच्या पाठीशी होता, आवाज अंगणातून येत होता. "तुमच्या फ्रीजला लई तहान लागलेली दिसतीय की, भाऊ," म्हणाल्या आणि वाटी ठेवून गेल्या.

आमच्या सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. गल्लीच्या तोंडाशी कुणी मोटर लावून ओढलं की शेवटच्या घरातला नळ नुसता फुसफुसतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझं घर पहिलं होतं, एवढंच.

मावशी मूळच्या सांगोल्याकडच्या, टँकरमागे धावत वाढलेल्या. दवाखान्यात नर्स म्हणून जन्म काढला, म्हणून निवृत्त झाल्यावरही सगळ्या गल्लीच्या सिस्टरमावशी. रविवारी पांढरं पातळ नेसून, फडक्यात गुंडाळलेलं शास्त्र, म्हणजे त्यांचं बायबल, छातीशी धरून चर्चला जायच्या. नाताळच्या करंज्या वाटायला सुरुवात करायच्या त्या गल्लीच्या शेवटच्या घरापासून. आमच्यापर्यंत ताट येईतो त्यात मोडक्याच उरलेल्या. मी कुरकुरलो तर म्हणायच्या, "आमच्या शास्त्रात शेवटल्याचा नंबर पहिला हाय. तुमी पहिल्या घरात ऱ्हाता, त्याला मी काय करू?"

मी चेष्टा करायचो, "मावशी, रोज तेच वाचता. अजून पाठ झालं नाही?"

"पाठ कवाच झालंय. पायात उतरायचं ऱ्हायलंय."

त्या उन्हाळ्यात शेवटच्या घरातल्या विडीवाल्या लक्ष्मीअक्काची लेक बाळंतपणाला आली. घरात आठ दिवसांचं बाळ, आणि पाण्याच्या लागोपाठ दोन पाळ्या नळ कोरडा. गल्ली जमली. "पाइप चोंदलाय, अर्ज करू," असं सगळ्यांत मोठ्याने मी म्हणालो. अर्जाचा मसुदाही मीच करणार होतो. माझं अक्षर चांगलं आहे. मावशींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. बोलल्या काहीच नाहीत.

पुढच्या पाळीला मी आंघोळीला बसलो. पाण्याच्या दिवशी माझी आंघोळ अर्धा तास चालते, गाण्यासकट. मध्येच साबण संपला. हाका मारल्या, बायकोने ओ दिली नाही. वैतागून पंचा गुंडाळून बाहेर आलो तर खिडकीतून मावशी दिसल्या. कमरेवर भरलेली घागर, दर चार पावलांवर थांबत अक्काच्या घराकडे चाललेल्या. माझ्या अंगावरून तेव्हा अक्काच्याच वाटणीचं पाणी निथळत होतं.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. "मावशी, त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर पानी मिळालं असतं, शेजारी गेला असता. देवानं मलाबी लई येळा आदी माफ केलंय, मग शहानी केलंय."

मला हायसं वाटलं. "म्हणजे तुम्ही माफ केलंत?"

"मी केलं की. पन तान्ह्या बाळाला त्याचा काय उपेग? अक्काचं पानी अक्काला द्या. आनि तिला सांगा तुमच्या तोंडानं."

मोटर काढणं सोपं होतं. चार बोल्ट. अक्काच्या दारापर्यंतची चाळीस पावलं मात्र संपेनात. मी सांगितलं. अक्का विड्या वळत होती. हात न थांबवता म्हणाली, "बाळाची दुपटी धुवाची होती वो, अण्णा." बस, एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर नळ आला की मी शेवटच्या घरापर्यंत जाऊन विचारायला लागलो, पोचलं का म्हणून. मावशी ओट्यावर बसून बघायच्या. "उतरलं वाटतं पायात," एवढंच एकदा म्हणाल्या.

यंदा फेब्रुवारीत मावशी गेल्या. मातीला सगळी गल्ली होती. अक्काने तेव्हा आठ दिवसांच्या असलेल्या त्या नातवाच्या हातून माती द्यायला लावली.

घरी आल्यावर बायकोला म्हणालो, "काय बाई होती! त्या वयात एकटीने घागरी वाहिल्या."

ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "एकटीने कुठल्या? दुसरी घागर माझ्या कमरेवर असायची. तुमची आंघोळ लांबायची, म्हणून जमायचं."