हाक आली की "हाव" म्हणायचं

मे महिन्यात यवतमाळकडे जावं का, असं एका वाचकानं विचारलंय. जा की! पण आधी माझी फजिती वाचा.

साल बासष्ट-त्रेसष्टचं. मी नाशिकचा, बावीस वर्षांचा, रस्त्यांच्या मोजणीवर नवाच लागलेला. बोरी अरबकडे एक रस्ता आखायचा होता आणि भर वैशाखात तिकडे जायला जुनी मंडळी तयार नव्हती. मी म्हटलं, मी जातो, ऊन काय नाशकात पडत नाही? मूर्तिजापूरला गाडी बदलून यवतमाळच्या छोट्या गाडीत बसलो. तिला कसलीच घाई नसते, तेव्हा सोबत फराळाचं ठेवा. दारव्ह्याला उतरून पुढे सर्व्हिस मोटार. तिकीट किरकोळ, धूळ फुकट.

मुक्काम एका शेतकऱ्याच्या ओसरीवर होता. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, जवसाची चटणी. चटणी मी दोनदा मागून घेतली.

कामाला जवळच्या बंजारा तांड्यातली आठ माणसं होती आणि त्यांची मुकादम जमनाबाई. मी दुर्बिणीतून बघायचो, तिचा दीर किसन लांबवर आकड्यांची उंच पट्टी धरून उभा राहायचा. बाईची शिस्त कडक. झुंजुमुंजू झालं की काम सुरू, दहाला बंद. कान दुपट्ट्यानं बांधलेले, तहान लागायच्या आधीच पाणी. हे मला पटलं. पण थोड्या थोड्या वेळानं ती ओरडायची, "हाय का?" आणि प्रत्येकानं आपापल्या जागेवरून म्हणायचं, "हाव." हाव म्हणजे हो, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तोवर वाटत होतं, ही माणसं कसली हाव धरून बसलीत! मी साहेब, त्यामुळे मी काही उत्तर देत नसे.

तिसऱ्या दिवशी काम मागे पडलं. मी फर्मावलं, आज बारापर्यंत थांबायचं, आणि हे ओरडणं बंद, माझे आकडे चुकतात.

जमनाबाई शांतपणे म्हणाली, "सायब, माणूस दूर असते. चेहरा दिसत नाही, आवाजावरूनच समजते."

मला दुर्बिणीतून सगळं दिसतं, असं मी तिला ऐकवलं. केवढा तो शहाणपणा!

साडेअकराच्या सुमाराला पट्टी कलली. त्या जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं आणि माझी नजर फक्त आकड्यांवर. "सरळ धर!" म्हणून दोनदा खेकसलो. पट्टी हलेना. तेवढ्यात जमनाबाईनं मला न जुमानता हाक घातली. सात जणांचं "हाव" आलं. किसनचं आलं नाही.

ती धावत सुटली, तिच्यामागे आम्ही. किसन बांधाला टेकून बसला होता, पट्टी तशीच मिठीत. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा थेंब नाही, काहीबाही बरळत होता. उचलून लिंबाच्या सावलीत नेला. मी त्याच्या तोंडात पाणी घालायला गेलो, तर तिनं माझं मनगट धरलं.

"तोंडात नोका टाकू, ठसका लागून जाईन. आंगावर टाका."

सगळ्यांचं प्यायचं पाणी त्याच्या अंगावर ओतलं. ओल्या धोतरानं वारा घालत राहिलो. माझ्या हट्टापायी हा माणूस जाणार, एवढंच डोक्यात होतं. ती त्याच्या कानाशी विचारत राहिली, "किसन, हाय का?" किती वेळानं कोण जाणे, त्याचे ओठ हलले.

"हाव."

मी साहेबबिहेब विसरून रडलो. बैलगाडीतून, वाटेत ओली फडकी बदलत, त्याला दारव्ह्याच्या डॉक्टरकडे नेलं. आठवड्याभरानं तो ओसरीवर येऊन माझ्याशेजारी तंबाखू मळत बसला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

काम मात्र त्या प्रसंगाच्या दुसऱ्याच दिवसापासून पुन्हा दहापर्यंतच. हाक आली तेव्हा मीही ओशाळून "हाव" म्हटलं.

"हळू काहून म्हनता, सायब?" जमनाबाई हसली. "तुमच्या दुर्बिनीले ऐकू नाही येत."

तेव्हा उन्हाळ्यात जरूर जा, पण कामं सकाळी उरका आणि एकमेकांना हाक मारत राहा. त्या रस्त्याचे आकडे मी केव्हाच विसरलो, ती हाक मात्र घरी आली. आमची ही एप्रिलात गच्चीवर कुरडया घालायला गेली की मी खालून विचारतो, "हाय का?" इतकी वर्षं ती वैतागून "हाव" म्हणत आली. गेल्या उन्हाळ्यात मला खुर्चीत डुलकी लागली आणि हाक राहून गेली. वरून घाबरा आवाज आला, "अहो, हाय का?"

मी दचकून जागा झालो आणि घर दणाणेल असं ओरडलो, "हाव!"