पान्याले इचारू दे

लोडरचं बकेट रिकामं करण्याआधी लोडर चालवणारे चाचा खाली उतरायचे, आपली पाण्याची बाटली उघडायचे आणि घोटभर पाणी जमिनीवर ओतायचे. मग उकिडवे बसून ते कुठं पळतं ते बघायचे. "थांब ना भाऊ, पान्याले इचारू दे," हे त्यांचं ठरलेलं. मागं ट्रकांचे हॉर्न वाजोत, नाही तर ठेकेदाराचा सुपरवायझर ओरडो.

राजूरच्या बाजूला आमचं गाव. तुम्ही त्या रस्त्यानं एकदा गेला असाल, तर दुसऱ्यांदा पांढरा शर्ट घालून नक्कीच गेला नसाल. कोळशाचे ट्रक जातात, भुकटी सांडते, रस्त्यावर तिचा थर बसतो. तो खरवडून उचलायचा आणि बाजूला नेऊन टाकायचा, हे चाचांचं काम. माझं काम ग्रामपंचायतीच्या विहिरीचं, म्हणजे मोटर सुरू करणं, ब्लिचिंग टाकणं आणि लोकांच्या शिव्या खाणं.

विहिरीच्या वरच्या अंगाला एक खड्डा होता. त्यात पाणी साचून मच्छर व्हायचे. मीच शहाणपणा करून सुपरवायझरला सांगितलं, भुकटी इथं टाका, खड्डा बुजेल. त्याचं डिझेल वाचत होतं, तो लगेच हो म्हणाला. खड्डा दिसला की बुजवायचा, ही आमची गावाकडची अक्कल.

चाचांनी खड्ड्याच्या काठावर बाटली ओतली. पाणी जरा घुटमळलं आणि सरळ विहिरीकडं निघालं.

"भाऊ, इथलं पानी कोन पेते?"

"सारं गाव."

"मंग काहून टाकायले लावून राह्यला इथं?"

माझं तोंड एवढंसं झालं. सुपरवायझर मात्र हटेना. "इथंच टाक, नाही तर उद्यापासून येऊ नको."

चाचांनी चावी काढून खिशात घातली. विहिरीवरून पेला भरून आणला आणि त्याच्यापुढं धरला. "आज पेऊन घ्या साहेब. पावसानंतर बी मीच आनून देईन, तवाही पेजा."

साहेबांनी पेल्याला हात लावला नाही. "टाक कुठं टाकायचं ते," म्हणत जीपमध्ये जाऊन बसले.

गावापलीकडच्या पडीत जमिनीवर ओतलेलं पाणी कुठंच पळालं नाही, तिथं चाचांनी ढीग लावला. भोवती बांध घातला, खालच्या अंगाला चर खणला. पावसाळ्यात चर काळाकुट्ट भरला आणि विहीर नितळ राहिली. जावयाचा नवा बंगला दाखवावा तसा मी येणाऱ्या-जाणाऱ्याला तो काळा चर दाखवत होतो. असा माणूस आमच्या रस्त्यावर होता, याचा मला आजही अभिमान आहे.

पुढच्या वर्षी ठेकेदारानं त्यांना बोलावलंच नाही. ते पांढरकवड्याला लेकीकडं गेले. पण मोठा पाऊस झाला की फोन ठरलेला.

"पानी कसं हाय?"

"साफ हाय, चाचा."

"दिसते म्हनून नको सांगू. पेऊन सांग."

मी फोन कानाला लावून पेला रिकामा करायचो. मग ते म्हणायचे, "हां. आता बोल."

यंदा उन्हाळ्यात चाचा गेले. परवा दिवसभर पाऊस कोसळला, फोन वाजला नाही. मी विहिरीवर उभ्यानं पेला रिकामा केला आणि त्यांच्या लेकीला फोन लावला.

"ताई, साफ हाय," म्हटलं. "पेऊन सांगून राह्यलो."