अपाची टेहळ्याचं औक्षण

लेकीला शाळेत शूर माणसाच्या वेषात जाऊन भाषण करायचं होतं. बाकीच्यांनी राजे, अंतराळवीर धरले. आमच्या बयेनं कुठून कोण जाणे, जुन्या काळच्या अमेरिकी सैन्यातला एक टेहळ्या उचलला, तिथल्या मूळ रहिवाशांपैकी अपाची जमातीचा. वाळवंटात माग काढायचा, गोळीबारात जखमी सोबत्याला ओढून आणलं म्हणून पदक मिळालेला. गेल्या वर्षी स्टेजवर तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, रडतच खाली आली. यंदाही तसंच झालं तर ही पुन्हा माईकजवळ जाणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

सासूबाई साताऱ्याहून इकडे कतारला व्हिजिट व्हिसावर आलेल्या. सासरे पलटणीतले, त्यामुळे शिपाई म्हटलं की यांनी पदर खोचलाच! दोह्यातल्या चार मराठी घरांत ओटीतून फिरून परत माझ्याकडेच आलेला लाल खण फाडून त्यांनी तिच्या डोक्याला पट्टी बांधली. लबनच्या, म्हणजे इथल्या ताकाच्या, बाटलीचं झाकण पदक म्हणून छातीवर लावलं.

"शिपाई ओवाळल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही," असं बजावून सकाळी लिफ्टसमोर ताम्हण धरलं आणि त्यात मूठभर कापूर पेटवला. मूठभर! अलार्म असा कोकलला की अख्खी बिल्डिंग पार्किंगमध्ये. अर्ध्या गालाला साबण फासलेले इजिप्शियन शेजारी, रोलर लावलेली फिलिपिनो नर्स. वॉचमन ओरडतोय, "आग नहीं है, खलास, खलास!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नर्सनं लेकीला विचारलं, तू कोण गं? आणि काय सांगू, पोरीनं तिथेच अख्खं भाषण ठोकलं. एकदाही अडखळली नाही. टाळ्या पडल्या, माझे डोळे भरून आले.

सासूबाईंना इंग्रजी कळत नाही. "लढला कुणाशी गं हा?" त्यांनी नातीला विचारलं.

"दुसऱ्या अपाचींशी, आजी."

"अगं बाई! मग पदक घेऊन घरी गेला तेव्हा ओवाळलं कुणी?"

लेक विचारात पडली. "कुणीच नसेल."

स्कूलबसचा ड्रायव्हर हॉर्न मारून "यल्ला, यल्ला" करत होता. सासूबाईंनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पदराच्या गाठीतून उरलेला कापूर काढला.

"नीट उभी राहा. मघाचं तुझं होतं, आता त्याचं."