आबांच्या घागरीत बोअरचं पाणी

या सदरात मी आजवर फक्त हसायला येत होते. पांढऱ्या साडीतली बाई, हायवेवर लिफ्ट मागणारी, पिंपळाखालून हाक मारणारा… वाचायचं, हसायचं आणि चहा टाकायला उठायचं. मी धुळ्याला ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. वर्गात कुणी 'चमत्कार' म्हटलं की त्याला आधी फळ्यावर समीकरण लिहायला लावते. तेव्हा 'मॅडम, नीट तपासून पाहिलं का' असले सल्ले कृपया देऊ नका. पाहिलंय. तेच सांगतेय.

माझं माहेर असोद्याचं. वडील, म्हणजे आमचे आबा, गेले आणि मोठ्या भावानं — नानानं — गावचं घर बंद करून आईला, मुलाला आणि सुनेला जळगावला नव्या बंगल्यात आणलं. बंगला त्यानंच प्लॉट पाडून विकायला काढलेल्या लेआउटमध्ये. आणि लेआउट कशावर, तर कारखान्यांमागच्या त्या खड्ड्यावर, जिथं वर्षानुवर्षं टँकर येऊन रिकामे व्हायचे आणि गंजके ड्रम पुरले जायचे. जळगावात जुन्या माणसांना ती जागा नाकानं आठवते. पुढे सरकारी बडगा आला, वरचा गाळ उचलला गेला, चांगली माती पसरली गेली आणि पिवळी पाटी लागली — इथे झाडं लावा, गोदाम बांधा, पण वस्ती करू नका आणि जमिनीतलं पाणी वापरू नका. नानानं कुठल्या टेबलावरून काय फिरवलं देव जाणे, वस्तीची परवानगी आली. पिवळी पाटी त्यानं बोअरच्या मोटारीवर पत्रा म्हणून टाकली. लिहिलेली बाजू खाली.

पाणी दिसायला काचेसारखं. वास नाही, चव तर गोडच. मी स्वतः बाटली भरून प्रयोगशाळेत दिली होती. रिपोर्ट आला, 'सर्व मर्यादेत'. अहो, पण ते ठरलेल्या चार गोष्टी तपासतात. त्या खड्ड्यात काय काय ओतलंय हे ओतणाऱ्यांनाच माहीत नाही, तर तपासणारे काय शोधणार, कप्पाळ?

तरी प्लॉट विकले जाईनात. मग नानाच्या सुपीक डोक्यातून एक युक्ती निघाली. गिऱ्हाईक आलं की तो सुनेला बाहेर बोलवायचा. सोनल, पारोळ्याची मुलगी, पहिलटकरीण. ती ट्रेमध्ये ग्लास घेऊन यायची आणि गिऱ्हाइकासमोर उभं राहून बोअरचं पाणी प्यायची. नाना म्हणायचा, "पाहा शेठ, पोटुशी सून पिते. अजून काय पुरावा पाहिजे?" लोक तिच्या पोटाकडे बघायचे आणि समाधानानं मान हलवायचे. माझा भाचा, तिचा नवरा, तिथंच मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला असायचा. त्या पोराला कणा नावाची वस्तू देवानं दिलीच नाही.

आता आखाजी. आमच्या खान्देशात अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि घरोघरी पितरांसाठी पाण्याची घागर भरतात. आमच्याकडे ती आदल्या संध्याकाळी भरून गव्हाच्या राशीवर ठेवतात, वर डांगर, म्हणजे खरबूज. सकाळी पाणी उतरलेलं दिसलं की म्हणायचं, पितर पिऊन गेले. मी लहानपणापासून आईला चिडवायची — कोरी मातीची घागर, बाहेर भट्टीसारखं ऊन, पाझरणार नाही तर काय करणार?

मागच्या वर्षीची आखाजी ही आबा गेल्यानंतरची पहिलीच. मी आले. सोनलला मात्र माहेरी पाठवलं नव्हतं. साडेतीन मुहूर्तांतला दिवस, बुकिंगला माणसं येणार, मग ग्लास कोण पिणार?

सकाळी आईनं डांगर उचललं आणि हाक मारली, "वंदे, इकडे ये." आवाज वेगळाच होता. आदल्या संध्याकाळी बोअरच्या पाण्यानं भरलेली घागर तशीच काठोकाठ होती. मी बाहेरून हात फिरवला. कोरडी… उन्हात वाळत घातलेल्या सांडग्यासारखी खडखडीत. खालचे गहूसुद्धा सुके.

"तुह्या बापानं पाणी नही घेतलं," आई म्हणाली.

"आई, घागर पक्की भाजली असेल," मी म्हटलं. घागरी मीच बाजारातून आणल्या होत्या, दोन, एकाच कुंभाराकडच्या. भाच्याला मोटारसायकलवर असोद्याला पिटाळलं आणि आमच्या विहिरीचं पाणी मागवून दुसरीत भरलं. दुपारपर्यंत ती घामाघूम झाली, खालचे गहू भिजले आणि पाणी बोटभर उतरलं. बोअरचं पाणी जागचं हललं नव्हतं.

ठीक. मग मी तेच केलं जे मुलांना शिकवते. दोन्ही रिकाम्या केल्या आणि पाण्याची अदलाबदल केली. आता निकाल घागरीचा की पाण्याचा, ते कळणार होतं. तासाभरात सकाळी कोरडी राहिलेली घागर असोद्याच्या पाण्यानं ओली झाली. आणि जी दुपारपर्यंत घाम गाळत होती ती, आत बोअरचं पाणी असताना, माझ्या डोळ्यांदेखत वाळत गेली. ओली माती, आत पाणी, आणि बाहेरून कोरडी पडतेय! माझ्या अंगावर काटा आला, हे लिहायला मला आता लाज वाटत नाही.

नानाला दाखवलं. तो घाबरेल असं मला वाटलं होतं. तो हसला.

"भारीच की! बिनगळतीचं पाणी. ब्रोशरमध्ये टाकू."

संध्याकाळी दोन शेठ सहकुटुंब आले. नानानं बोअरचं पाणी असलेल्या घागरीतूनच ग्लास भरला. "आमच्या आबांचा प्रसाद," म्हणाला आणि सोनलच्या हातात दिला. तिनं ग्लासाकडे पाहिलं, मग आईकडे. हळूच म्हणाली, "जे पाणी आबाले चालनं नही, ते मी कसं पिऊ?"

"पी बेटा," नाना हसतच म्हणाला. "सणासुदीचं असं बोलू नये."

मी ग्लास हिसकायला पुढे झाले, तर त्यानं माझं मनगट धरलं. पाहुण्यांना दिसणार नाही असं, आणि दुखेल असं. "लेक आलीस, सांजोऱ्या खा आणि गोडीनं जा. माझ्या धंद्यात नाक खुपसू नको."

सोनल प्यायली. सगळा ग्लास. शेठाणीनं कौतुकानं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि दोन्ही प्लॉट बुक झाले. मी तिला धुळ्याला चल म्हणून किती विनवलं! भाचा म्हणाला, "पप्पांना विचारावं लागेल."

श्रावणात मूल पोटातच गेलं. मुलगा होता. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, नेमकं कारण सांगता येत नाही. नानानं दवाखान्याच्या जिन्यातच सगळ्यांना बजावलं, पाण्याचं नाव कुणी काढायचं नाही. गणपती उठायच्या आत सोनल पुन्हा ट्रे घेऊन उभी होती. आता पोट नव्हतं, म्हणून नाना नुसतं म्हणायचा, "घरची सून पिते."

यंदाच्या आखाजीला गेले तेव्हा कॉलनीत दिवे लागले होते, पोरं सायकली फिरवत होती. घागर भरायची वेळ आली आणि नानानं गाडीच्या डिक्कीतून गुपचूप कॅन काढला. असोद्याच्या विहिरीचा. पाण्यात काही दोष न मानणारा माझा भाऊ! मेलेल्या बापाला विहिरीचं आणि जित्या सुनेला बोअरचं. त्या क्षणी मला तो कॅन त्याच्या डोक्यात घालावासा वाटला.

सोनलनं शेजारी एक छोटं मडकं मांडलं. आई दचकली. "पोटात गेलेल्याचं भरत नही गं बाई, त्याले नाव नही, गोत्र नही." सोनल मडकं घेऊन बाहेर गेली आणि बोअरच्या नळाखाली धरलं. मी धावले. "अगं, कॅनमध्ये आहे ना चांगलं!"

"त्याले दुसरं पाणी माहीतच कोठे शे, आत्या?"

मनात म्हटलं, भरू दे. हे पाणी पाझरत नाही, उद्या तसंच राहील आणि हिचं आणखी एक दुःख वाढेल.

सकाळी आबांची घागर दोन बोटं उतरली होती. आणि मडकं… मडकं रिकामं होतं. तळाला थेंब नाही, खालच्या गव्हाला ओल नाही, भोवतीची फरशी कोरडी. दार आतून बंद होतं आणि मी, आई, सोनल तिथंच चटईवर झोपलो होतो. मी मडकं उजेडाला धरून पाहिलं. कुठे तडा नव्हता.

हे कसं झालं, मला माहीत नाही. ज्या पाण्याला नवी माती शोषत नव्हती, ते गेलं कुठे, याचं समीकरण मला येत नाही, आणि कुणाला येत असेल तर कृपा करून मला सांगूसुद्धा नका.

सोनलनं माझ्या हातातून मडकं घेतलं. त्यात हात घालून पाहिलं. कितीतरी महिन्यांनी ती हसली.

"तहान लागनी व्हती त्याले," म्हणाली, आणि पुन्हा भरायला नळाकडे गेली.