सातव्या नमुन्याची चिठ्ठी

शैलजाबाई कुलथे यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांच्या हातात दगड होता. मी पेठच्या डोंगरातून नाशिकला वसतिगृहात आलेली नववीतली मुलगी. बाई शास्त्र आणि भूगोल दोन्ही शिकवत, त्यामुळे एका तासाचा दगड दुसऱ्या तासालाही सुटत नसे. "डोळे मीट आणि सांग, गार आहे की खरखरीत?" हे त्यांचे माझ्याशी पहिले वाक्य. मी घाबरून दोन्हीला हो म्हटले. बाई म्हणाल्या, "बरोबर आहे की!"

बाईंना यंदा पंचाहत्तरावे वर्ष लागले. त्यांच्या पर्समध्ये रुमालापेक्षा दगड जास्त असत. एकदा सहलीहून परतताना एसटीचा कंडक्टर म्हणाला, "बाई, या पर्सचं अर्धं तिकीट लागेल." बाईंनी त्याच्याही हातावर एक दगड ठेवला आणि ओळखायला लावला! शिस्तीला मात्र त्या कडक होत्या. सहामाहीला टेबलावर दहा नमुने मांडत. त्यांचे अग्निज, स्तरित आणि रूपांतरित असे तीन ढीग करायचे. दहापैकी सात बरोबर आले नाहीत, तर शास्त्रात नापास.

माझे सहाच बरोबर आले. तीन खरोखर चुकले होते. सातवा नमुना मी कुठल्याच ढिगात ठेवला नव्हता, टेबलाच्या कोपऱ्यात सरकवून दिला होता. बाईंच्या वहीत तो 'अग्निज, सच्छिद्र' होता. वर्गात त्यांनी कारण विचारले, मी गप्प राहिले. माझे आईवडील दिवाळीनंतर वीटभट्टीवर जात, हे वर्गात कोणाला ठाऊक नव्हते आणि ते कळू नये म्हणून मी जिवाचा आटापिटा करत असे. दुसरीकडे वडिलांनी बजावले होते, नापास झालीस तर भट्टीवर चल, आईच्या हाताखाली कोणी नाही.

वर्ग सुटल्यावर बाईंनी मला परीक्षानळ्या धुवायला थांबवून घेतले. माझ्याकडे न बघता त्यांनी पुन्हा विचारले. तेव्हा माझ्या तोंडून निघाले, "बाई, त्यो दगड नाय. खंगर हाय. भट्टीतली इट."

बाईंना ते पटले नाही. तो नमुना त्यांनी स्वतः रस्त्याच्या कडेला वेचला होता आणि कित्येक वर्षे शिकवला होता. पण त्यांनी मला खोटे पाडले नाही. "उद्या बघू," एवढेच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सहामाहीचा निकाल ऐकून वडील मला न्यायला आले. माझी ट्रंक भरून झाली होती. बाईंनी त्यांना प्रयोगशाळेत बोलावले, खुर्ची दिली आणि काहीही न सांगता सातवा नमुना त्यांच्या हातावर ठेवला. वडिलांनी तो नुसता तोलला. "खंगर हाय, बाई. इट लय भाजली का अशी व्हती. कुठल्या भट्टीतली?"

बाईंनी हातोडी घेतली. दगड फुटला. आत विटेचा लाल कोपरा आणि मातीत मिसळलेल्या भाताच्या तुसाच्या खुणा! बाई आधी खो खो हसल्या. मग आम्हा दोघांना घेऊन वर्गात गेल्या आणि फळ्यावर लिहिले, 'नमुना सात : चूक माझी.' वर्गाला त्यांनी सांगितले, "हे या दोघांना माहीत होतं, मला नव्हतं." मला लपावेसे वाटले नाही. माझे सात झाले. बाकीचे तीन मात्र चुकलेलेच राहिले, त्यात बाईंनी काडीची सूट दिली नाही.

दाराशी उभे राहून वडील म्हणाले, "ऱ्हाऊ द्या हिला, बाई." ते एकटेच परत गेले. त्या दिवशी मी फार रडले.

त्यानंतर बाईंनी पत्ते सापडतील तेवढ्या जुन्या विद्यार्थ्यांना पोस्टकार्डे धाडली, सातवा नमुना चुकीचा शिकवला म्हणून. आता गुण कापणार का, असे एकाने काळजीने उलट विचारले म्हणतात!

निवृत्त होताना बाईंनी ती नमुन्यांची पेटी मला दिली. मी आज पेठलाच शास्त्र शिकवते. सातव्या नमुन्याचे दोन्ही तुकडे तीत आहेत आणि बाईंच्या अक्षरातली चिठ्ठी आहे : 'खंगर. दगड नव्हे. ओळखणारे : कु. यमुना भोये व तिचे वडील.'

गेल्या महिन्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीने चौथा नमुना बाजूला सरकवला. विचारले तर गप्प. वर्ग सुटल्यावर मी तिला परीक्षानळ्या धुवायला थांबवले आणि संध्याकाळी नाशिकच्या इंदिरानगरला बाईंना फोन केला. पलीकडून आवाज आला, "त्याला हात लावू नकोस. मी सकाळच्या गाडीने येते."

बाईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. पेटीतले नऊ नमुने अजून तपासायचे आहेत आणि चिठ्ठ्या त्यांच्याच अक्षरात हव्या आहेत.

— यमुना भोये